अजून दोन ऊन

पोत्यात खुपसलेल्या नळीतून ओंजळभर भात बाहेर आलं की त्यातला एकच दाणा ते उचलायचे. निवडून नाही, हाताला येईल तो. उजवीकडच्या खालच्या दाढेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हलकेच दाब द्यायचे. दाणा 'कट्' वाजला की म्हणायचे, "सुकं." नाही वाजला तर डोळे उघडायच्या आधीच मान हलायची. "अजून दोन ऊन." म्हणजे हे भात अजून दोन दिवस उन्हात पसरा आणि मग आणा. आणणारा निमूट ट्रॅक्टर फिरवायचा.

तंजावरच्या बाहेर, कालव्याच्या कडेला असलेल्या एका भातगिरणीत मी अकरा वर्षं नोकरी करते आहे. लग्न होऊन बार्शीहून इथल्या मराठी घरात आले, बी.एस्सी. झालेली होते, म्हणून गिरणीनं भाताचा ओलावा मोजायचं नवं मीटर माझ्या हातात दिलं. ते मीटर येण्याआधी तीस वर्षं हे काम ज्या दाढेनं केलं, ती दाढ या गृहस्थांची. गिरणीत सगळे त्यांना 'रायर' म्हणत. इकडे तमिळ लोक मराठी राव मंडळींना रायरच म्हणतात. मी 'काका' म्हणायचे, आणि ते मला 'बार्शी'.

धान्य पारखणारे मी लहानपणापासून पाहिले आहेत. बार्शीच्या बाजारात ज्वारीवर फुंकर मारून भाव पाडणारे असतात, तुरीचा दाणा चावून थुंकणारे असतात. तुमच्याही गावात असतील. तेव्हा पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, आहे झालं, आणखी एक दाणे चावणारा म्हातारा. मीटर टेबलावर मांडलं आणि वाट बघत बसले.

"अगे बार्शी, माझं आधी, मग तुझं मशीन," ते म्हणाले.

पहिल्या महिन्यात जेवढ्या ट्रॉल्या आल्या तेवढ्यांना आधी दाढ लागली, मग मीटर. दोघांचं एकदाच बिनसलं. मी विजयी मुद्रेनं आकडा दाखवला. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. "बॅटरी बघ," म्हणाले. बॅटरी उतरली होती. त्या दिवसापासून मी त्या दाढेला मान देऊ लागले.

शेतकऱ्यांचा मीटरवर काडीचा विश्वास नव्हता. मीटर मुदलाळीचं, म्हणजे मालकाचं. ते मालकासारखंच बोलणार. दाढ मात्र रायरची. ओल्या भाताला त्यांनी मालकाच्या सोयीसाठी कधी सुकं म्हटलं नाही आणि सुक्या भाताला अडवलं नाही. ते बोलले की समोरचा म्हणायचा, "रायर सोन्ना सरि." रायर म्हणाले ना, मग बरोबर. तिथे विषय संपायचा.

स्वभाव मात्र तिखट. एकदा मी त्यांची भाषा सुधारायला गेले. 'सगळे' म्हणायचं तर ते 'अस्के' म्हणत, 'कशाला' म्हणायचं तर 'काशाला'. मी म्हटलं, काका, आमच्याकडे असं नाही म्हणत. ते उसळलेच. "आमचे आजे जशी आणले तशी मी जपून ठेवलों. तुम्ही तिकडे अस्की बदलून टाकलात, आणि मला शिकवता?" त्यानंतर मी त्यांची भाषा सुधारायला गेले नाही.

तर अशा माणसाच्या दातांची ही गोष्ट आहे. आणि आधीच सांगते, मला या गोष्टीचा अजून राग येतो. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या नव्या दातांचं कौतुक केलं, त्या सगळ्यांचा येतो. त्यांच्या मुलाचा येतो, डॉक्टरांचा येतो. आणि माझा सगळ्यात जास्त.

सत्तरीला आले तेव्हा त्यांच्या तोंडात आठ दात उरले होते. त्यातली ती उजवी दाढ मात्र पहिल्यासारखी घट्ट. घरी काकू त्यांना भाजी कुस्करून द्यायच्या. पोंगलला मुलगा चेन्नईहून आला आणि त्यानं वडिलांना मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, कॉफीत बुडवून खाताना पाहिलं. झालं. मुलगा हळवा. जबड्यात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात, तसे अप्पांना लावायचे, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"मला कोण विचारला?" काका गिरणीत येऊन म्हणाले. "मुरुक्कू बुडवून खाल्लों तर काय जातं?"

पण गेले. मुलाला सुट्टी नव्हती, काकूंना दवाखान्याच्या वासानं चक्कर यायची, म्हणून सोबत मी गेले. डॉक्टर चांगला होता, आवाज मऊ. त्यानं जबड्याचा फोटो भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि खाली चार, वर सहा, असे दहा ठिपके काढले. मग सहीसाठी इंग्रजी कागद पुढे केला. काकांनी खुर्चीत बसण्याआधी माझ्याकडे वळून उजव्या गालावर बोट ठेवलं.

"ही राहील नव्हे?"

"हो काका, काळजी नको," मी म्हटलं.

मी तो कागद वाचला नव्हता. डॉक्टरला विचारलंही नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसांना अशी हो-हो किती सहज म्हणतो ते आठवून बघा. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की उरलेले सगळे दात काढायचे, कारण सगळी कवळी एकसंध बसते, मध्ये जुनी दाढ ठेवून चालत नाही. चाळीस वर्षं अख्ख्या परिसराचं भात जिनं तोललं, ती दाढ किडलेली नव्हती, हलत नव्हती, दुखत नव्हती. अडचण होत होती म्हणून काढली.

बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी पुन्हा उजव्या गालावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन ट्रेमधली दाढ मागून घेतली, कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी घरी विभूतीच्या रिकाम्या डबीत ठेवली. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, कापसामुळे.

सांब्याचं, म्हणजे हिवाळ्यात निघणारं मोठं पीक येऊन गेलं होतं, गिरणीत काम कमी होतं. जखमा भरायला, हाडात स्क्रू मुरायला उन्हाळा गेला. कुरुवैचं भात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरातल्या पावसाच्या तोंडावर निघणारं पीक, यायला लागलं त्या सुमाराला नवे दात बसले. काय ते दात! एकसारखे, पांढरेशुभ्र, टोकाला किंचित चमक. दारावरचा चौकीदार ओरडला, "रायर, माप्पिळ्ळै!" म्हणजे नवरदेव. मुदलाळी म्हणाले, वीस वर्षांनी तरुण दिसताय. मुलानं व्हिडिओवर दात दाखवायला लावले. अहो, माणूस काय दातांची जाहिरात करायला बसला होता?

कुणी विचारलं नाही की आत कसं वाटतंय. आत असं होतं की जिभेला जागा सापडत नव्हती. 'स' म्हणायला गेले की शीळ वाजायची. गाल दाताखाली सापडून रक्त यायचं. रोज पाण्याची पिचकारी मारून दातांखालची फट धुवायची. "तोंड आहे की झाडाचं आळं?" ते करवादायचे. डॉक्टरनं सुरुवातीला मऊच खा म्हणून सांगितलेलं. इडली, दहीभात.

"इडली खायाला स्क्रू काशाला गे?" ते मला विचारायचे. "इडली खायाला हिरडी पुरे नव्हे?"

डॉक्टर म्हणाला, सवय होईल. मुलगा म्हणाला, सवय होईल. मीही म्हटलं. या 'सवय होईल'चा मला नंतर एवढा तिटकारा आला की विचारू नका. आपल्याला ज्याचा त्रास नसतो त्याची दुसऱ्याला सवय होईल, हे आपण किती खात्रीनं सांगतो.

आणि खरोखर बऱ्याच गोष्टींची सवय झाली, ते मान्य केलं पाहिजे. शीळ गेली. मुरुक्कू कोरडा, कडाकडा मोडून खायला लागले. काकूंना भाजी कुस्करावी लागेना. मुलाचं काही चुकलं नव्हतं, असं जो तो म्हणू लागला.

एका दुपारी ते टेबलाशी एकटेच उभे होते. समोर दोन वाट्या, एकीत ओलं भात, एकीत सुकं. यातला एक दाणा चावत होते, मग त्यातला. मला पाहून वाट्या झाकल्या, मग पुन्हा उघडल्या.

"वाजतंय," ते म्हणाले. "दोन्ही वाजतंय. शेजारच्या घरात कोणी तरी काय तरी फोडल्यासारखं. मला कळत नाही."

मी डॉक्टरकडे गेले. भांडायलाच गेले. त्यानं शांतपणे समजावलं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक मऊ पडदा असतो, दाब किती पडला हे तो पडदा ओळखतो. स्क्रू थेट हाडात असतो, तिथे पडदा नाही. खाता सगळं येतं, पण ती बारीक जाण परत येत नाही. "मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांचं काम काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही."

मला इतका संताप आला, आणि तो ठेवायला जागाच नव्हती. कारण हे सांगायला त्यांच्याबरोबर खुर्चीशेजारी उभी कोण होती?

त्याच आठवड्यात सेल्लम्मा पाट्टी आली. पाट्टी म्हणजे आजी. तिरुवैयारुच्या पलीकडची, खंडानं घेतलेलं शेत एकटीच्या बळावर कसणारी बाई. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, भात तिचं. आकाशात ढग होते म्हणून घाईनं आलेली. नळी पोत्यात गेली, भात बाहेर आलं. काकांनी दाणा दाढेवर ठेवला, डोळे मिटले. मग दुसरा दाणा घेतला. मग तिसरा. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसरा दाणा उचलताना पाहिलं नव्हतं.

माझ्या हातात मीटर होतं. आकडा आला होता. भात सुकं होतं, खडखडीत सुकं.

ते ओल्याला सुकं म्हणायला घाबरले असणार. चुकायचंच तर ज्या बाजूला कमी नुकसान वाटलं त्या बाजूला चुकले. डोळे उघडून म्हणाले, "अजून दोन ऊन."

पाट्टीनं ढगांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रायर सोन्ना सरि." आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

आणि मी काय केलं? मी मीटर उलटं करून टेबलावर पालथं ठेवलं. चार माणसांत त्यांना खोटं कसं पाडायचं? वडीलधारा माणूस, चाळीस वर्षांचा शब्द, त्यात आधीच दुखावलेला. मी त्यांचा मान राखला. असा मान राखण्यात आपण फार पटाईत आहोत. त्याची किंमत कोण भरतो, ते बघायला आपण थांबत नाही.

पाट्टीनं भात रस्त्यावर पसरलं, इथे सगळेच पसरतात तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला. घाईनं ढीग करून झाकलं, तरी पाणी शिरत राहिलं, आणि पाऊस तीन दिवस हटला नाही.

चौथ्या दिवशी ती चालत आली. भांडायला नाही. लुगड्याच्या ओच्यात मूठभर भात होतं, ते तिनं काकांपुढे टेबलावर ओतलं. दाण्यांना पांढरे मोड आले होते. म्हणाली, "रायर, दोन ऊन मिळालं नाही. आता काय करू सांगा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती अजून त्यांनाच विचारत होती.

काका त्या मोडांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "त्या दिवशी तुझ्या मशीनमध्ये काय आलं होतं?"

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला होता, तेही सांगून टाकते. पण त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. मी म्हटलं, "सुकं."

"पाह्यली होतीस?"

"हो."

"आणि सांगितली नाहीस."

मी काहीतरी पुटपुटले. चार माणसांत, तुमचा शब्द, असं काहीसं. त्यांचा आवाज चढला, पण त्यांनी मला नेहमीसारखं झापलं नाही.

"माझे दात खोटे, ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुझी जीभ तर खरी होती नव्हे, बार्शी?"

एवढं बोलून त्यांनी छत्री घेतली, धोतर वर खोचलं आणि पाट्टीबरोबर गावच्या बसनं गेले. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आले ते थेट मुदलाळीच्या खोलीत. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "उकडा तांदूळ करायला भात तू भिजवतोसच नव्हे? हे पावसानं भिजवलं. वरचं कुजलं, खालचं चांगलं आहे. आज घे, उद्या त्यालाही मोड येतील. ते माझ्या शब्दानं भिजलंय." मुदलाळी काही तरी बोलायला लागले. काकांनी त्यांना बोलू दिलं नाही. त्या संध्याकाळीच ट्रॉली गेली आणि खालचं भात आलं, सरळ उकडायच्या हौदात. निम्मं वाचलं. निम्मं गेलं ते गेलंच, त्याला कुणी काही करू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सात-आठ ट्रॅक्टर उभे होते. काका ओट्यावर चढले. सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र दातांवर नखानं टकटक केलं. तमिळमध्ये म्हणाले, "हे बघून घ्या. दिसायला छान आहेत. यांना काही कळत नाही. आजपासून मी दाणा चावणार नाही. आजपासून मीटर. ही बाई आकडा मोठ्यानं वाचील, तुमच्या डोळ्यांपुढे धरील. तिनं मोठ्यानं वाचला नाही तर ट्रॅक्टर हलवू नका."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मोठ्यानं वाच गे."

मी मीटरकडेच बघत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. मी वाचला.

त्यानंतर वर्षभर ते रोज आले. काट्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. आकडा वाचताना माझा आवाज जरा खाली आला की खुर्चीतून हाक यायची, "मोठ्यानं!" माझ्यावरचा राग गेला की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र एकदा मुरुक्कूचा डबा पुढे करून म्हणाले, "घे. तुझे दात आहेत तोवर खा." ते मी माफीच समजले.

गेल्या सांब्याच्या आधी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. अस्थी सोडायला तिरुवैयारुला घाटावर आम्ही दहा-बारा जण होतो. काकूंनी पदराखालून विभूतीची डबी काढली आणि त्यातली दाढ मुलाच्या हातानं मडक्यात टाकायला लावली. मडकं कावेरीत गेलं. मग मुलानं खिशातून एक कागदाची पुडी काढून मला दाखवली. राखेत सापडलेले दहा स्क्रू. जराही वितळले नव्हते.

"अक्का, याचं काय करू?" त्यानं विचारलं.

"ठेव," मी म्हटलं. "आयुष्यभराची गॅरंटी होती ना त्यांची."

त्याचा चेहरा पडला. पायरीवर बसून तो रडायला लागला, आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली. त्यानं वडिलांना मुरुक्कू मोडून खाता यावा एवढंच मागितलं होतं, आणि तो त्यांनी खाल्ला होता. मी शेजारी बसले. मग त्याला सांगितलं की कागद मी वाचला नव्हता. ते त्याला माहीत नव्हतं. तो पुडी उलगडत, पुन्हा बांधत राहिला, आणि मी उठले नाही.

सांब्याचं भात यायला लागलं तेव्हा एका सकाळी सेल्लम्मा पाट्टी ट्रॉलीवर बसून आली. मी नळी खुपसली, मीटर तिच्या डोळ्यांपुढे धरलं, आकडा मोठ्यानं वाचला. सुकं होतं. तिला अंक वाचता येत नव्हते. तिनं काट्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"रायर काय म्हणतात?" तिनं विचारलं.

नदीपलीकडे बातमी पोचली नव्हती. मी सांगितली. ती तशीच ट्रॉलीला धरून उभी राहिली. मग नळीतून आलेल्या भातातला एक दाणा तिनं उचलला, निवडून नाही, हाताला आला तो, आणि माझ्यापुढे धरला.

मी तो उजव्या दाढेवर ठेवला. डोळे मिटले. वाजला, आणि मला कळलं.

"सुकं," मी म्हटलं. आवाज खाली आला होता, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.